गोळ्या चालू, कडे चढणं चालू: टर्म इन्शुरन्स घेतानाचा अनुभव

मला टाइप २ मधुमेह आहे. आणि दिवाळी झाली की ऊन तापायला लागेपर्यंत सुट्टीच्या दिवशी मी दोर-हार्नेस घेऊन सह्याद्रीतल्या कुठल्या तरी कड्यावर असते. या दोन्ही गोष्टी अर्जात जशाच्या तशा लिहून मला पंचाहत्तर लाखांचं टर्म कव्हर, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तर घरच्यांना रक्कम देणारा विमा, वर्षाला २१,३०० रुपयांत मिळालं. त्याआधी दुसऱ्या एका कंपनीने याच कव्हरसाठी ४५,७५० रुपये मागितले होते. माणूस तोच, आजार तोच, डोंगरही तेच. हा फरक पडला तो नाशिकमधल्या एका छोट्या विमा ब्रोकर कार्यालयाच्या कामामुळे. त्या कार्यालयाचं किंवा कुठल्या कंपनीचं नाव देत नाही. काम कसं झालं ते तपशिलात सांगते, म्हणजे तुमच्या गावातल्या ब्रोकरकडे तुम्हाला तेच हक्काने मागता येईल.

माझं वय ४१. बी.फार्म. झाल्यापासून औषधांच्या धंद्यात आहे, आता स्वतःचं मेडिकल स्टोअर आहे. घरात नवरा, नववीतली मुलगी आणि सासूबाई. घरावर २८ लाखांचं कर्ज शिल्लक आहे आणि दुकानासाठी बँकेकडून घेतलेली कॅश क्रेडिटची मर्यादा आहे. मी नसले तर दुकान चालणार नाही, कारण फार्मसिस्टचं लायसन्स माझ्या नावावर आहे. कर्ज फिटावं, मुलीचं शिक्षण व्हावं आणि घराला काही वर्षं श्वास घेता यावा, एवढा हिशोब करून पंचाहत्तर लाखांचा आकडा धरला. कोटीचा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण माझ्या आयकर विवरणपत्रात दिसणाऱ्या उत्पन्नावर कोटी मागितले असते तर कंपनीने आधी त्यावरच प्रश्न विचारले असते. टर्म कव्हर देताना कंपन्या वय पाहून वार्षिक उत्पन्नाच्या ठरावीक पटीपर्यंतच जातात. स्वतःचा धंदा असलेल्यांनी विवरणपत्रं आधी काढून ठेवावीत.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. तुलना करणाऱ्या एका वेबसाइटवर वय, तंबाखू नाही, उत्पन्न अमुक, एवढं भरलं की पडद्यावर हप्त्यांची रांग लागते. सगळ्यात वरची कंपनी १३,५०० रुपये दाखवत होती. तो हप्ता निरोगी माणसाचा असतो, हे मला धंद्यामुळे माहीत होतं. पुढे प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे विम्याच्या अर्जात, मधुमेहाला ‘होय’ केलं आणि ‘धोकादायक छंद किंवा खेळ’ या प्रश्नालाही ‘होय’. छंदाखाली एक ओळ लिहायची जागा होती. त्यात ‘प्रस्तरारोहण, दोरासह’ एवढंच मावलं. तपासण्या झाल्या आणि मग कंपनीचं पत्र आलं: मधुमेहासाठी मूळ हप्त्यावर १०० टक्के जादा, म्हणजे २७,०००. शिवाय छंदासाठी दर हजारी अडीच रुपये.

हे ‘दर हजारी’ प्रकरण नीट समजून घ्या, कारण डोंगरात जाणाऱ्याचा खिसा इथे कापला जातो. आजारासाठीचं लोडिंग, म्हणजे जादा हप्ता, टक्क्यांत असतं. तुमच्या वयाचा मूळ हप्ता कमी असेल तर टक्क्यांनी वाढूनही तो फार फुगत नाही. छंदासाठीचा जादा हप्ता मात्र बहुतेक वेळा विमा रकमेवर मोजतात. पंचाहत्तर लाख म्हणजे ७,५०० हजार. त्याला अडीचने गुणलं की १८,७५०. माझा अख्खा मूळ हप्ता १३,५०० होता आणि नुसत्या छंदाचे १८,७५०! पंचविशीतल्या, ठणठणीत तब्येतीच्या गिर्यारोहकाला हा आकडा आणखी बोचतो, कारण त्याचा मूळ हप्ता याहून कितीतरी कमी असतो. मधुमेहाची भीती घेऊन मी या सगळ्यात शिरले होते, आणि महाग पडत होता तो दोर.

पत्रात संमती द्यायला मुदत होती. मी संमती दिली नाही. पैशांचा त्रास झाला नाही, कारण मार्च २०२५ पासून बीमा-अस्बा आली आहे. यूपीआयवरून रक्कम आपल्याच खात्यात अडवून ठेवतात आणि कंपनीने अर्ज स्वीकारला तरच ती जाते. माझी रक्कम मोकळी झाली. पूर्वी परताव्यासाठी हेलपाटे घालावे लागत, ते यात वाचतात. ही सोय मला मनापासून आवडली.

त्याच सुमारास ओळखीतले एक एजंट दुकानात आले. माणूस बोलायला गोड. म्हणाले, “मॅडम, डोंगराचं कशाला लिहिता? आणि शुगरच्या गोळ्यांचं पण नका लिहू. तीन वर्षं गेली की कंपनी काही करू शकत नाही.” पहिल्या हप्त्यातले काही पैसे परत देतो, असंही म्हणाले. हे पैसे परत देणं विमा कायद्याच्या कलम ४१ खाली बेकायदा आहे, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. पण माझा राग त्या तीन वर्षांच्या सल्ल्यावर आहे, कारण तो अर्धा खरा आहे आणि म्हणूनच लोक फसतात.

विमा कायदा १९३८ चं कलम ४५ सांगतं की पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं झाली की कुठल्याही कारणावरून तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षं झाल्यावर फसवणुकीचं कारणही देता येत नाही. इथपर्यंत एजंटचं बरोबर. पण त्या तीन वर्षांच्या आत काही झालं तर? माहिती लपवली म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि न्यायालयंही ते मान्य करतात. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, अर्ज करताना आधीची दुसरी पॉलिसी सांगितली नव्हती एवढ्या कारणावरून नाकारलेला क्लेम योग्य ठरवला होता. तिथे आजार लपवलेला नव्हता, छंद लपवलेला नव्हता, फक्त दुसऱ्या पॉलिसीची नोंद नव्हती. आणि डोंगरावरचा मृत्यू लपतो का? पोलीस पंचनामा करतात, शवविच्छेदन होतं, रेस्क्यूला गेलेल्या संस्थेकडे नोंद असते, दुसऱ्या दिवशी पेपरात गडाच्या नावासकट बातमी येते. मधुमेहाचं तर माझ्या बाबतीत माझ्याच दुकानाच्या बिलांवर मेटफॉर्मिन लिहिलेलं आहे. मुलगी आणि नवरा ज्या दिवशी सगळ्यात खचलेले असतील त्याच दिवशी त्यांच्या हातात नकाराचं पत्र पडावं, यासाठी मी हप्ते का भरू? असा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या.

ब्रोकरचं नाव कळलं ते आमच्या क्लबमधल्या एका मित्राकडून. आधी एक फरक सांगते, कारण बऱ्याच जणांना तो ठाऊक नसतो. एजंट कंपनीचा प्रतिनिधी असतो. ब्रोकर कायद्याने ग्राहकाचा प्रतिनिधी असतो आणि अनेक कंपन्यांकडे जाऊ शकतो. त्याचा परवाना आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा क्षेत्रावर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर तपासता येतो. मी तपासला. कमिशन त्यांनाही कंपनीकडूनच मिळतं, हे तिथल्या ताईंनी पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगितलं.

या ताई कधी गडावर गेलेल्या नाहीत. पण त्यांनी जेवढे प्रश्न विचारले तेवढे प्रश्न आमच्या क्लबमध्ये नव्या सभासदालाही विचारत नाहीत. एकटी चढता का? गटात किती जण असतात? पुढे चढणारा कोण, तुम्ही की दुसरं कुणी? दोर कसला, हेल्मेट घालता का, बोल्ट आधीचे ठोकलेले की नवे? पावसाळ्यात चढता का? रात्री? सगळ्यात जास्त किती उंची गाठली आहे? पुढच्या दोन वर्षांत हिमालयाचा बेत आहे का? याचे पैसे मिळतात का तुम्हाला, की उलट तुम्हीच भरता? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा निघाला, त्याबद्दल पुढे.

मग त्यांनी मला घरी बसून दोन पानं लिहायला लावली. मी लिहिलं की मी क्लबबरोबर चढते, एकटी कधीच नाही. अलंग-मदन-कुलंग, मनमाडजवळची हडबीची शेंडी अशा ठिकाणी, अनुभवी साथीदार पुढे आणि मी वरून बांधलेल्या दोरावर. लीड करत नाही. जून ते सप्टेंबर कडा चढत नाही. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. म्हणजे विरळ हवेचा प्रश्न माझ्या नेहमीच्या चढाईत येतच नाही. हिमालयात रूपिन पास केला आहे, साधारण ४,६५० मीटर, तो चालण्याचा ट्रेक होता. सहा हजार मीटरच्या शिखराचा बेत नाही. कड्यावर साखर कमी झाली तर काय करते, हेही लिहिलं: खिशात ग्लुकोजच्या गोळ्या, गटातल्या दोघांना माझ्या आजाराची कल्पना, दर दीड-दोन तासांनी खाणं. सोबत प्रशिक्षण शिबिराचं प्रमाणपत्र आणि क्लबचं पत्र जोडलं.

विमा कंपनीच्या अंडररायटरने, म्हणजे अर्जातला धोका तपासून हप्ता ठरवणाऱ्या माणसाने, हडबीची शेंडी पाहिलेली नसते. ‘रॉक क्लायंबिंग’ एवढंच वाचलं की त्याच्या डोळ्यांसमोर काय येत असेल ते आपण समजू शकतो. त्याच्यापुढे माहिती नसेल तर तो सर्वात वाईट शक्यता धरतो. त्याचं कामच ते आहे, त्याला दोष देत नाही. म्हणून माहिती आपण द्यायची, मागितलेल्यापेक्षा जास्त द्यायची.

ताईंनी दुसरी गोष्ट केली ती अशी की लगेच अर्ज भरला नाही. माझं नाव न देता, वय, आजार, रिपोर्टचे आकडे आणि छंदाची ती दोन पानं घेऊन त्यांनी काही कंपन्यांच्या अंडररायटिंग विभागाला आधी विचारून घेतलं. हे उत्तर बंधनकारक नसतं, पण वारा कुठल्या दिशेला आहे ते कळतं. एका कंपनीने मधुमेहाला अडचण नाही पण छंदाला दर हजारी लावू म्हटलं. दुसरीने पुढे ढकलू म्हटलं. तिसरीने सांगितलं की या स्वरूपाच्या चढाईला जादा काही लागणार नाही. अर्ज फक्त तिथेच गेला. असं का करायचं? कारण जवळजवळ प्रत्येक प्रपोजल फॉर्ममध्ये एक प्रश्न असतोच: यापूर्वी कुठल्या कंपनीने तुमचा अर्ज नाकारला, पुढे ढकलला किंवा जादा हप्त्याने स्वीकारला आहे का? चार ठिकाणी एकदम अर्ज टाकले आणि दोन नकार आले, तर ते नकार पुढच्या प्रत्येक अर्जात लिहावे लागतात. माझ्या पहिल्या कंपनीचं ४५,७५० रुपयांचं पत्रही आम्ही नव्या अर्जाला जोडलं. त्याने काही बिघडलं नाही.

आता तब्येतीची बाजू. इथे मी औषधाच्या काउंटरमागून बोलते. तपासणी ठरली की लोक चार दिवस गोड सोडतात. त्याने उपाशीपोटीची साखर थोडी बरी दिसेल, पण एचबीएवनसी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. ती चार दिवसांत हलत नाही. अर्जाची घाई नसेल तर आधी तीन-चार महिने डॉक्टरांबरोबर नीट काम करा आणि मग अर्ज करा. माझी एचबीएवनसी ६.८ होती, मागचे सलग रिपोर्ट सातच्या आतले होते आणि ते मी तारखेनुसार लावून दिले. एकच चांगला रिपोर्ट आणि वर्ष-दीड वर्षाची चांगली नोंद यात अंडररायटरच्या दृष्टीने पुष्कळ अंतर असतं. डोळ्याच्या पडद्याची तपासणी आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी कंपनीने मागितली नव्हती. दोन्ही मी स्वतःहून करून जोडल्या. मधुमेहाने किडनी किंवा डोळ्यांना हात लावलेला नाही, हे दाखवायचं होतं. थायरॉइडची गोळीही चालू आहे, तीही लिहिली, तिच्यासाठी काही वाढलं नाही.

आणि डोंगरात जाणाऱ्यांसाठी खास: तपासणीच्या आधीच्या आठवड्यात जोराची चढाई करू नका. स्नायूंवर ताण पडला की एसजीओटी, एसजीपीटी या यकृताच्या तपासणीतले आकडे काही दिवस वर जातात आणि लघवीत तात्पुरतं प्रोटीन दिसू शकतं. तुम्हाला ठाऊक असतं की हे परवाच्या गडाचं आहे. कागद पाहणाऱ्याला मात्र यकृत आणि किडनी दिसते, त्यात मधुमेह लिहिलेला असेल तर फारच. मी तो आठवडा घरी बसून काढला. पाणी भरपूर प्यायले, झोप नीट घेतली. तंबाखूसाठी कोटिनिनची तपासणी होते, तेव्हा ‘कधीतरी एखादी’ सिगारेटही लिहा. लपवली तर सापडते.

निकाल: मूळ हप्ता १४,२००, मधुमेहासाठी ५० टक्के जादा, छंदासाठी काही नाही. एकूण २१,३००. बघा, पडद्यावर ही कंपनी पहिल्या कंपनीपेक्षा महाग दिसत होती. निरोगी माणसासाठी जी सगळ्यात स्वस्त ती आपल्यासाठी स्वस्त असेलच असं नाही. तुलनेच्या वेबसाइट हे सांगत नाहीत, सांगूही शकत नाहीत.

हप्ता आटोक्यात ठेवायला आणखी काही गोष्टी केल्या. कव्हर साठाव्या वर्षापर्यंतच घेतलं. पंचाहत्तर किंवा पंच्याऐंशीपर्यंत घ्या असा आग्रह सगळीकडे होतो, पण साठीत माझं कर्ज फिटलेलं असेल, मुलगी कमावती असेल. म्हातारपणचा धोका आज विकत घेतला की हप्ता चढतो, आणि लोडिंग त्या चढलेल्या हप्त्यावर बसतं. हप्ते परत मिळण्याची योजना घेतली नाही, तिचा हप्ता दुपटीच्या आसपास जात होता. वार्षिक हप्ता ठेवला. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे, हे ज्यांनी त्याआधी भाव काढून ‘परवडत नाही’ म्हणून सोडून दिलं त्यांना मुद्दाम सांगते. पुन्हा भाव काढा.

अपघाती मृत्यूचा रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून मिळणारं जादा कव्हर, मात्र मी घेतला नाही. त्याच्या अटींत धोकादायक खेळातला मृत्यू वगळलेला होता. म्हणजे मी ज्या कारणासाठी तो घेणार, तेच त्यात नाही. मूळ टर्म कव्हरमध्ये असं वगळणं नव्हतं. त्यात पहिल्या बारा महिन्यांतली आत्महत्या एवढाच अपवाद. तरी ताईंनी कंपनीकडून ईमेलवर लेखी घेतलं की जाहीर केलेल्या चढाईतला मृत्यू मूळ कव्हरमध्ये येतो. हे लेखी मागून घ्या, तोंडी उत्तरावर थांबू नका.

आता चढाईचे पैसे मिळतात का, हा ताईंचा प्रश्न. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत आयआरडीएआयने ठरवून दिलेलं एक कलम असतं, त्याचा संकेत Excl09. साहसी खेळांमुळे लागलेल्या उपचारांचा खर्च वगळणारं हे कलम आहे आणि त्याच्या यादीत प्रस्तरारोहण, गिर्यारोहण, राफ्टिंग, स्कूबा डायव्हिंग सगळं आहे. पण कलमात अट अशी आहे की तो भाग तुम्ही ‘व्यावसायिक म्हणून’ घेतलेला असावा. मी हौशी आहे. ट्रेक लीड करून मानधन घेणारी आमच्यातली तरुण मुलं मात्र या ओळीच्या पलीकडे जाऊ शकतात, आणि ती बहुतेक पंचविशीत असल्यामुळे पॉलिसी वाचत नाहीत. क्लब चालवणाऱ्यांनी आपल्या लीडर मुलांना बसवून हे कलम वाचून दाखवावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या क्लबमध्ये मी ते केलं.

ब्रोकरच्या सेवेत खटकलं तेही सांगते. सगळे फॉर्म इंग्रजीत. मला अडचण आली नाही, पण माझ्या काउंटरवर येणाऱ्या कितीतरी बायकांना येईल. मराठीत सही केली तर ‘मजकूर समजावून सांगितला’ असं दुसऱ्या माणसाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते प्रत्यक्षात कसं भरलं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. समजावून सांगणं खरंच व्हायला हवं. तपासणीच्या केंद्राशी ब्रोकरचा ताळमेळ नव्हता. उपाशीपोटी सकाळी आठला बोलावलं आणि नंबर लागला साडेदहाला. मधुमेह्याला एवढा वेळ उपाशी ठेवणं धोक्याचं आहे, मी तिथे बसून हे ऐकवलं आणि नंतर ताईंना लेखी कळवलं. पॉलिसी झाल्यावर त्यांच्याच कार्यालयातून बाजाराशी जोडलेल्या गुंतवणूक योजनेसाठी दोनदा फोन आला. नको म्हटल्यावर थांबले, पण यायलाच नको होता. एवढं सोडलं तर पाचपैकी साडेचार.

ब्रोकरकडे कुणी जावं? ज्याला आजार आहे, किंवा छंद आहे, किंवा दोन्ही. तरुण, निरोगी आणि सपाटीवर राहणाऱ्या माणसाला त्याची गरज नाही, त्याने थेट कंपनीकडून घ्यावं. माळशेजला एखादा ट्रेक, कामशेतला पायलटबरोबर एकदा केलेलं पॅराग्लायडिंग, तारकर्लीला प्रशिक्षकाबरोबर एकदा घेतलेली बुडी, यासाठीही वेगळी धावपळ लागत नाही, फॉर्ममध्ये विचारलं तर खरं लिहिलं की झालं. पण स्वतः ग्लायडर उडवत असाल, किंवा दरवर्षी स्कूबाला जात असाल, तर खोली, उंची, परवाना, वर्षातल्या वेळा, सगळं घेऊन बसा.

आजार जास्त गंभीर असेल त्यांच्यासाठी वाट अरुंद आहे, ते गोड करून सांगणार नाही. आमच्या क्लबमधल्या एका दादांना स्टेंट आहे, त्यांचा अर्ज पुढे ढकलला गेला. रक्तदाब आणि मधुमेह एकत्र असतील तर लोडिंग चढतं. एचबीएवनसी आठच्या वर असेल तर आधी ती खाली आणणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय. बजाज अलियान्झ लाइफने २०२३ मध्ये आठपर्यंत एचबीएवनसी असलेल्या टाइप २ मधुमेह्यांसाठी वेगळी टर्म योजना आणली होती. अशा योजना कुणाकुणाकडे आहेत ते ब्रोकरला विचारा.

मोठं कव्हर मिळेपर्यंत, किंवा मिळालंच नाही तर, हातात काहीतरी असावं. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचं कव्हर आहे, वैद्यकीय तपासणी नाही, १८ ते ५० वयात बँक खात्यातून नाव नोंदवता येतं. सुरुवातीचे तीस दिवस फक्त अपघाती मृत्यू धरतात. जे नोकरीत आहेत आणि ज्यांचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो, त्यांना ईडीएलआय या निधीशी जोडलेल्या विमा योजनेतून सात लाखांपर्यंत संरक्षण असतंच, त्याचा पैसा मालक भरतो आणि तब्येत कुणी विचारत नाही. स्टेंटवाल्या दादांना हे माहीत नव्हतं, नोकरीला वीस वर्षं झाली तरी. सरल जीवन बीमा ही जानेवारी २०२१ पासून सगळ्या आयुर्विमा कंपन्यांनी देणं बंधनकारक केलेली साधी टर्म योजना आहे, ५ ते २५ लाखांची, पहिल्या ४५ दिवसांत फक्त अपघाती मृत्यूला लागू. शिक्षण, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण यावरून तीत अडवत नाहीत. नेहमीच्या टर्मपेक्षा ती महाग पडते, पण ज्यांना कागदपत्रांपायी मोठं कव्हर मिळत नाही त्यांनी तिचा भाव काढावा.

पॉलिसी आली की ती कपाटात टाकू नका. तिच्यासोबत तुमच्या प्रपोजल फॉर्मची प्रत येते, ती ओळ न् ओळ वाचा. माझ्या प्रतीत छंदाच्या रकान्यात कंपनीच्या माणसाने ‘ट्रेकिंग’ एवढंच टाइप केलं होतं, दोराचा उल्लेखच नव्हता. दोन पानांचं पत्र जोडलेलं होतं, तरी क्लेमच्या वेळी वाद व्हायला एवढी फट पुरते. पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवस फ्री-लूक असतो, पटलं नाही तर त्या मुदतीत परत करता येते. त्याच मुदतीत मी दुरुस्ती मागितली आणि ‘हप्ता बदलणार असेल तर आधी कळवा, मग मी ठरवीन’ असंही लिहिलं. कंपनीने रकान्यात दोरासह प्रस्तरारोहण अशी नोंद करून दुरुस्तीपत्र पाठवलं. हप्ता २१,३०० च राहिला. ते दुरुस्तीपत्र, लेखी ईमेल आणि ताईंचा नंबर आता नवऱ्याच्या फोनमध्येही आहे.